अभिजात मोटारगाडी : बॉडीतील संरचनात्मक गंज व त्याची दुरुस्ती

मोटारगाडीच्या बॉडीतील ज्या भागांवर गाडीचा भार, चाकांचे धक्के आणि चालताना पडणारा पीळ येतो, त्या भागांच्या पोलादी पत्र्याचा गंजामुळे होणारा क्षय म्हणजे संरचनात्मक गंज होय. दाराच्या बाहेरील पत्र्यावर किंवा बोनेटवर येणारा गंज पृष्ठीय असतो. त्याने गाडी विद्रूप होते, परंतु दुबळी होत नाही. याउलट तळपत्रा, दारांखालचे उंबरे, खांबांचे पाय, चाकांवरील कमानी आणि स्प्रिंगांची बैठक हे भाग गंजले, तर वरून चकचकीत दिसणारी गाडीही वापरण्यास धोक्याची ठरते. या दोन प्रकारांतील भेद न ओळखता केलेली दुरुस्ती हा जुन्या गाड्यांच्या जतनातील सर्वांत मोठा दोष आहे. मुंबई व नवी मुंबई परिसरातील जुन्या गाड्यांच्या इतिहासात हा भेद विशेष स्पष्टपणे दिसतो. येथील खारी हवा गंजाला पोषक आहे आणि येथे सर्वाधिक काळ टिकलेली फियाट ही गाडी साटा नसलेली, म्हणजे पत्र्याच्या बळावरच उभी असलेली आहे.

साटा आणि कवच : प्रारंभीच्या मोटारगाड्यांची रचना घोडागाडीसारखी होती. खाली जाड पोलादी तुळयांचा साटा (चासी) आणि त्यावर लाकडी चौकटीला पत्रा ठोकून केलेली बॉडी, असे दोन स्वतंत्र भाग असत. सर्व भार साट्यावर असल्याने बॉडीचा पत्रा गंजला, तरी गाडीच्या बळाला बाध येत नसे. अमेरिकेत एडवर्ड बड यांनी फिलाडेल्फिया येथे १९१२ मध्ये कारखाना काढून संपूर्ण पोलादी बॉडी तयार करण्याचे तंत्र पुढे आणले. त्याआधी १८८६ च्या सुमारास ईलाय्हू टॉमसन यांनी विद्युत् रोधाच्या उष्णतेने धातू जोडण्याची पद्धत शोधली होती. तिच्यातून निघालेल्या बिंदू वितळजोडामुळे (स्पॉट वेल्डिंग) पत्र्याचे भाग वेगाने सांधणे शक्य झाले. यानंतरची पायरी म्हणजे साटाच वगळणे. १९२२ मधील लान्चा लाम्डा, १९३४ मधील सिट्रोएन त्राक्स्यों आवां आणि १९३५ मधील ओपेल ऑलिंपिया ही त्या वाटेवरील महत्त्वाची नावे आहेत. या गाड्यांत पातळ पत्र्याच्या घड्या घालून पोकळ पेट्या तयार केल्या जात व त्या पेट्या एकमेकींना जोडून अंड्याच्या कवचासारखी एकसंध रचना साधली जाई. गाडी हलकी व ताठ झाली, पण पत्र्याचा सगळा अर्थच त्यामुळे बदलला. पूर्वी आवरण असलेला पत्रा आता हाडांचे काम करू लागला.

बंद पेटीचे बळ किती असते, हे एका उदाहरणावरून कळेल. १०० मिमी. बाजूची व १.२ मिमी. जाड पत्र्याची चौकोनी पेटी घेतली आणि तिचा एक सांधा पूर्ण लांबीभर उघडला, तर पत्र्याचे वजन तेवढेच राहूनही अशा सुट्या तुळईचा पिळाला होणारा विरोध सुमारे पाच हजार पटींनी घटतो. प्रत्यक्ष गाडीत शेजारचे भाग थोडाफार भार वाटून घेतात, त्यामुळे परिणाम इतका टोकाला जात नाही. तथापि उंबऱ्याच्या तळाशी गंजून सुटलेली शिवण ही केवळ एक फट नसते, हे यावरून स्पष्ट होते.

मुंबईतील मोटारनिर्मिती : जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारगाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या डॉज व प्लिमथ गाड्यांची जुळणी होऊ लागली. या गाड्या, तसेच महिंद्र अँड महिंद्र कंपनीची जीप, साट्यावर बांधलेल्या होत्या. मुंबईच्या डेंटरांचे, म्हणजे पत्राकाम करणाऱ्या कारागिरांचे, हात अशा गाड्यांवर तयार झाले. गंजका पत्रा ठोकून सरळ करावा, भोकावर ठिगळ लावावे, लांबी भरून घासावे व रंग द्यावा, ही त्यांची रीत साट्याच्या गाडीला पुरेशी होती.

इटलीत फियाट कंपनीने १९५३ मध्ये साटाविरहित बांधणीची ११०० ही गाडी नव्या रूपात बाजारात आणली आणि १९५४ पासून ती कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागली. केंद्र सरकारने १९५३ मध्ये देशी निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना केवळ जुळणी करू न देण्याचे धोरण स्वीकारले. त्यानंतर जनरल मोटर्स व फोर्ड यांनी भारतातील काम थांबवले व बाजार मोजक्या देशी कंपन्यांच्या हाती आला. सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी नावे बदलत गेलेल्या या घराण्यातील गाडीला १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले व एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर हीदेखील साटाविरहितच होती व ती २०१४ पर्यंत तयार होत होती. मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्डला मात्र १९६० च्या दशकातही स्वतंत्र साटा होता. अशा रीतीने एकाच रस्त्यावर व एकाच गॅरेजात दोन भिन्न तत्त्वांवरील गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहत. दुरुस्तीची रीत मात्र पुष्कळदा जुनीच राहिली, आणि पुढच्या अनेक दोषांचे मूळ येथे आहे.

लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिलेल्या १९५० च्या दशकातील गोलसर गाडीत पुढचे व मागचे अशी दोन्ही दारे मधल्या खांबाला बिजागरींनी टांगलेली असत. या खांबाचा पाय उंबऱ्यात रुतलेला असतो. उंबरा आतून गंजला की खांब झुकतो, दारे खाली उतरतात व कडी नीट बसत नाही. अशा वेळी बिजागरी वाकवून किंवा कडीची जागा सरकवून दार बसवले, तर लक्षण नाहीसे होते आणि रोग तसाच राहतो.

गंजाची कारणे : लोखंड गंजणे ही विद्युत् रासायनिक प्रक्रिया आहे. पत्र्यावर पाण्याचा सूक्ष्म थर असला, की पृष्ठाचा काही भाग धनाग्र व काही भाग ऋणाग्र होतो. धनाग्रावरचे लोह विरघळते आणि ऑक्सिजनाशी संयोग पावून त्याचा गंज बनतो. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारणतः ६० टक्क्यांच्या वर गेली, की या क्रियेला वेग येतो. समुद्री मिठातील सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून ओले होते, तर त्यातील मॅग्नेशियम क्लोराइड सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओले होते. म्हणूनच पाऊस संपून महिने लोटले, तरी किनाऱ्यावरील गाडीच्या पोकळ भागांत साठलेली खारट धूळ कधी पूर्ण कोरडी होत नाही. गंजाचे घनफळ मूळ धातूच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते. दोन पत्र्यांच्या शिवणीत गंज फुगला, की तो बिंदुजोड तोडून पत्रे एकमेकांपासून दूर सारतो. अरुंद फटीत ऑक्सिजन कमी पोचतो, त्यामुळे फटीच्या आतील धातू धनाग्र बनून बाहेरच्यापेक्षा लवकर खाल्ला जातो. वरून न दिसणारी जागा आधी गंजते, ती यामुळे.

नवी मुंबईच्या परिसरात ही सर्व कारणे एकवटलेली आहेत. शहराच्या उभारणीसाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, १९७३ मध्ये वाशीचा पहिला खाडीपूल वाहतुकीस खुला झाला आणि मुंबईतील अनेक कुटुंबे आपल्या वाहनांसह खाडीपलीकडे आली. वाशीसारख्या वसाहतींचा पुष्कळसा भाग खाडीकाठच्या दलदलीत भराव टाकून केलेला असून भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी तेथे धारण तलाव बांधलेले आहेत. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, खाडीवरून येणारा खारा वारा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांमधून दीर्घकाळ हवेत मिसळलेली आम्लधर्मी द्रव्ये, असे हे वातावरण आहे. इमारतीखालच्या उघड्या वाहनतळात कापडाखाली झाकून ठेवलेली गाडी येथे सुरक्षित राहते, ही समजूत चुकीची आहे. कापडाखाली ओल कोंडते. रोज धावणाऱ्या गाडीला मिळणारा वारा त्या गाडीला मिळत नाही.

दुरुस्तीच्या तंत्रांचा विकास : फ्रान्समध्ये १९०३ च्या सुमारास ऑक्सिजन-ॲसिटिलीन ज्योतीची उपयुक्त मशाल तयार झाली. सुमारे ३,१००° से. तापमानाच्या या ज्योतीने पत्रा वितळवून जोडता येऊ लागला व विसाव्या शतकाच्या मोठ्या कालखंडात गॅस वेल्डिंग हेच डेंटरांचे मुख्य साधन राहिले. तिचा दोष असा, की उष्णता दूरवर पसरून पातळ पत्रा लाटांसारखा वाकतो. तो पुन्हा ठोकून सपाट करणे हीच कारागिराची कसोटी असे. सांध्यावरील खळगे भरण्यासाठी सुमारे ७० टक्के शिसे व ३० टक्के कथिल असलेली मिश्रधातू वापरत. ती १८३° से. पासून सुमारे २५५° से. पर्यंत लोण्यासारखी मऊ राहते व लाकडी थापीने पसरता येते. शिशाच्या वाफा व भुकटी विषारी असल्याने हे काम कारागिराच्या प्रकृतीला घातक होते.

१९५० च्या दशकात अमेरिकेत पॉलिएस्टर रेझिनाची लांबी प्रचारात आली. स्वस्त, थंडपणे लावता येणारी व लवकर घट्ट होणारी ही लांबी जगभर पसरली. उथळ खळगा भरण्यासाठी ती योग्यच आहे. पण तिला ताण सोसण्याचे पोलादासारखे बळ नसते आणि पाठीमागून ओल आली की ती पत्र्यापासून सुटते. गंजलेल्या उंबऱ्यात जाळी कोंबून वर लांबी थापण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली. तिने गाडी विकण्यापुरती नवी दिसते, एवढेच. साधे चुंबक कापडात गुंडाळून बॉडीवरून फिरवले, तर जाड लांबीच्या जागी त्याची ओढ कमी झाल्याचे चटकन समजते.

याच दशकात कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या आवरणाखाली तारेने करावयाचे विद्युत् वितळजोडकाम विकसित झाले. त्यात उष्णता थोड्या जागेपुरती राहत असल्याने पातळ पत्र्याच्या संरचनात्मक दुरुस्तीचे ते प्रमुख साधन बनले. दुसरीकडे कारखान्यांनी गंज मुळातच रोखण्याचे उपाय योजले. १९६० च्या दशकात विद्युत् क्रियेने अस्तराचा रंग चढवण्याची पद्धत आली आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचा अधिक प्रभावी ऋणाग्री प्रकार रूढ झाला. पोर्शे कंपनीने १९७५ च्या सुमारास जस्तविलेपित पत्र्याचे कवच वापरण्यास प्रारंभ केला. फियाट ११०० चा मूळ आराखडा या सर्व सुधारणांच्या आधीचा आहे.

संरचनात्मक गंज हा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे युरोपात, विशेषतः ब्रिटनमध्ये, कायद्याने मानले गेले. तेथे १९६० मध्ये जुन्या गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी सुरू झाली. पुढे तिच्या नियमांत स्टिअरिंग, ब्रेक, स्प्रिंगा व सुरक्षापट्टे यांच्या बैठकीपासून ३० सेंमी. अंतरातील भार वाहणारा पत्रा तीव्र गंजलेला नसावा आणि तेथील ठिगळ कडेने सलग वितळजोडाने बसवलेले असावे, अशी अट आली. १९८० मध्ये लान्चा कंपनीला बीटा प्रकारच्या आरंभीच्या अनेक गाड्या, इंजिन धरणारा उपसाटा गंजल्यामुळे, ब्रिटनमधील ग्राहकांकडून परत घ्याव्या लागल्या. गंजामुळे एखाद्या कंपनीच्या नावाला किती धक्का बसू शकतो, याचे ते ठळक उदाहरण होय.

दुरुस्तीची रीत : प्रथम गाडीतील आसने, गालिचे व बॅटरी काढून आणि पेट्रोलची टाकी उतरवून तळ उघडा करतात. डांबरी लेप खरवडून काढावा लागतो, कारण वाळून तडकलेल्या लेपाखालीच पाणी अडकते. टोकदार हातोडीने ठोकताना निरोगी पत्रा खणखणतो, तर गंजलेला बोदा आवाज करतो व टोचणीला भोक देतो. कापण्याआधी करावयाचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे गाडीला तिच्या नेहमीच्या आधारांवर समतल उभी करून दारांच्या चौकटीत आतून तात्पुरत्या आडव्या-तिरप्या पट्ट्या जोडणे. हे न करता उंबरा कापला, तर कवच मध्यभागी वाकते. मग नवा उंबरा कितीही उत्तम बसवला, तरी तो वाक कायमचा होतो. कर्णांची मापे काम सुरू करण्यापूर्वी व प्रत्येक टप्प्यानंतर ताडून पाहतात आणि दारे वरचेवर लावून फटी तपासतात. दोन्ही बाजूंचे उंबरे एकदम कापत नाहीत.

गंजका भाग निरोगी, चकचकीत धातू लागेपर्यंत कापून काढतात. अर्धवट खाल्लेल्या पत्र्यावर नवा पत्रा जोडला, तर वितळजोडाच्या कडेने तो पुन्हा फाटतो. फॉस्फोरिक अम्लाने किंवा टॅनिनयुक्त द्रवाने उरलेल्या गंजाचे स्थिर संयुगात रूपांतर होते, परंतु गेलेली जाडी परत येत नाही. म्हणून हा उपाय पृष्ठीय गंजापुरताच मर्यादित आहे. नवा भाग मूळ भागाच्याच जाडीच्या पत्र्यातून, त्याच घड्या व उठाव देऊन तयार करतात. बाहेरच्या भागांसाठी सुमारे ०.९ मिमी. (२० गेज) व पेट्यांसाठी सुमारे १.२ मिमी. (१८ गेज) जाडीचा थंड-लाटित, म्हणजे बाजारातील ‘सीआर’ पत्रा सामान्यतः उपयोगी पडतो. नवी मुंबईत कळंबोली येथे पोलादाचा मोठा बाजार असल्याने असा पत्रा सहज उपलब्ध होतो. फार जाड पत्रा घालणे हितावह नसते. ताठ ठिगळाच्या कडेला ताण एकवटून शेजारचा जुना पत्रा तडकतो.

मूळ बिंदुजोडांच्या जागी पत्र्याला भोके पाडून ती वितळलेल्या धातूने भरतात. सपाट सांधे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग न जोडता आलटून-पालटून लहान टाक्यांनी पुरे करतात, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. शिवणीच्या आत जस्तयुक्त अस्तर, बाहेर सांधे बंद करणारे रबरी द्रव्य आणि काम पूर्ण झाल्यावर पेटीच्या पोकळीत मेणयुक्त फवारा, असे तिहेरी संरक्षण देतात. पाणी निघून जाण्यासाठी मूळ आराखड्यात ठेवलेली छिद्रे उघडी ठेवणे अत्यावश्यक असते. ती बुजवल्याने उत्तम दुरुस्तीही काही पावसाळ्यांत वाया जाते. पावसाळ्यापूर्वी तळाला वापरलेले इंजिन तेल फवारण्याच्या प्रथेमुळे काही काळ पाणी दूर राहते, परंतु त्याने रबरी भाग सुजतात व जमीन दूषित होते. जस्त लावलेला पत्रा जोडताना निघणाऱ्या धुराने ताप येत असल्याने हे काम मोकळ्या हवेत करणे इष्ट असते.

टॅक्सी, कायदा व जतन : पद्मिनीच्या दुरुस्तीचे ज्ञान मुख्यतः काळ्या-पिवळ्या टॅक्सीने जिवंत ठेवले. टॅक्सीला ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागत असल्याने तिचा तळ पुनःपुन्हा उघडला जाई, तयार तळपत्रे व उंबरे यांना बाजार असे आणि डेंटरांच्या हाताखाली पोरे शिकून तयार होत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत पत्राकाम व वितळजोडकाम शिकवले जाते. तथापि एका विशिष्ट जुन्या गाडीची मापे व तिच्या दुखण्याच्या जागा हे ज्ञान गॅरेजातच तोंडी दिले जाई. मुंबईत टॅक्सीच्या वयाला २० वर्षांची मर्यादा आहे. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीची असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून बाहेर पडली. ज्या मागणीवर हा व्यवसाय उभा होता, ती त्याबरोबर संपली. उरलेल्या गाड्या हौशी मालकांच्या आहेत आणि त्यांच्यासाठी प्रत्येक भाग बहुधा हातानेच घडवावा लागतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज मोटारवाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि साटा, बॉडीचे कवच वा इंजिन यांत फेरबदल होईल अशी मोठी दुरुस्ती न झालेल्या वाहनांना ते लागू आहेत. ही नोंदणी १० वर्षांसाठी असते व असे वाहन प्रदर्शने, फेऱ्या, तांत्रिक संशोधन, इंधन व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. १९७४ मध्ये नोंदलेल्या पहिल्या पद्मिनी गाड्यांनी २०२४ मध्ये वयाची पन्नाशी ओलांडली. या नियमातील अट साट्याच्या गाडीला सोपी आहे, कारण तिचा पत्रा बदलला तरी साटा मूळचाच राहतो. साटाविरहित गाडीत मात्र गंजलेला उंबरा बदलणे म्हणजे कवचालाच हात घालणे होय. कवच जसेच्या तसे ठेवावे, तर गाडी असुरक्षित. बदलावे, तर मूळपणाबद्दल शंका, असा हा पेच आहे.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने (फिवा) २०१२ मध्ये तूरिन येथे आखलेल्या सनदेत या पेचातून मार्ग दाखवणारी तत्त्वे आढळतात. मूळ द्रव्य शक्य तेवढे राखावे, बदललेला भाग मूळ पद्धतीला धरून असावा, तो जाणकाराला ओळखता यावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आशय आहे. त्यानुसार मूळ जाडीच्या पत्र्याने, मूळ आकारात व मूळ जागी केलेली दुरुस्ती ही फेरबदल न ठरता जतन ठरते. आकार, जोडणी किंवा मोजमाप बदलणारे काम मात्र फेरबदल होय. गाडीचा क्रमांक ठोकलेला पत्रा कापू नये, काढलेल्या भागांचे नमुने व कामाची छायाचित्रे जपावीत आणि मापांची टिपणे लिहून ठेवावीत, ही पथ्ये त्यातूनच निघतात. मुंबई व नवी मुंबईच्या गॅरेजांतील ज्ञान आजवर कागदावर फारसे आलेले नाही. ते जाणणारे कारागीर हयात आहेत, तोवरच अशा नोंदींना या गाड्यांच्या पत्र्याइतके मोल आहे. कारण गंजलेला पत्रा पुन्हा घडवता येतो, परंतु तो घडवण्याची रीत एकदा विसरली गेली, तर ती परत मिळवणे अवघड असते.